यादी कोण करतं?

प्रशिक्षणाच्या बजेटवरून कुणी हमरीतुमरीवर आलेलं मी पाहिलेलं नाही. यंदा इतके मंजूर झाले, गेल्या वर्षीपेक्षा एवढे कमी, यावर कामगारांच्या बाजूने फार तर एखादा टोमणा येतो आणि बैठक पुढे सरकते. आवाज चढतात ते यादीवर. नव्या मशीनच्या ट्रेनिंगला कोण जाणार, कोणाचं नाव गळलं, ते आपोआप गळलं की कोणी गाळलं, आणि जो जाऊन आला त्याला परतल्यावर ते मशीन मिळणार की पुन्हा जुन्याच जागी उभं राहायचं. शॉप फ्लोअरवरच्या माणसाचं करिअर म्हणजे साधारण एवढंच असतं. त्यामुळे यादी लागली की लोक नोटीस बोर्डावर तुटून पडतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

मी एका इंजिनिअरिंग कारखान्यातल्या संयुक्त प्रशिक्षण समितीवर कामगारांच्या बाजूने बसतो. संयुक्त म्हणजे दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, अध्यक्षपद आळीपाळीने, मिनिट्सवर दोघांच्या सह्या. वेतनकराराच्या वाटाघाटीत पगारवाढीचा आकडा अडला होता, तेव्हा व्यवस्थापनाने गोडी लावायला जी चार-दोन कलमं देऊ केली, त्यातून ही समिती निघाली. कलमाची भाषा ऐसपैस आहे: प्रशिक्षणाच्या गरजा ओळखणे, वार्षिक आराखड्यावर विचारविनिमय करणे, अंमलबजावणीवर देखरेख ठेवणे. एवढ्या सगळ्यात यादीचा उल्लेख कुठेच नाही.

सुरुवातीच्या बैठका कशा चालायच्या ते सांगतो, म्हणजे देखरेख या गोष्टीचं साधारण काय होतं ते कळेल. ट्रेनिंगचे साहेब लॅपटॉप उघडायचे, भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर उमटायचं. अमुक महिन्यात फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत, तमुक महिन्यात प्रथमोपचार, मग आगीपासून बचाव, मग ‘सकारात्मक दृष्टिकोन’ या विषयावर बाहेरून येणारा वक्ता. (हे वक्ते कामगारांनाच का ऐकवतात, सकारात्मक दृष्टिकोनाची गरज खरेदी विभागाला जास्त आहे, असं आमच्या एका सभासदाचं ठाम मत आहे.) काही सूचना? नाही. मंजूर. समितीला दिसायचं ते कॅलेंडर. त्या कॅलेंडरमधल्या प्रत्येक दिवसामागे कोणाची नावं आहेत, हे बैठकीच्या आधीच डिपार्टमेंटमध्ये ठरलेलं असायचं. वर्गाचा विषय दोघांनी मिळून ठरवायचा आणि वर्गात कोण बसणार ते एकट्यानेच, अशी ती वाटणी होती.

आमच्या प्रत्येक लाइनच्या तोंडाशी एक तक्ता लावलेला असतो. त्याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. उभ्या रांगेत माणसांची नावं, आडव्या रांगेत कामं, आणि प्रत्येक चौकटीत चार भागांत कापलेलं एक वर्तुळ. पाव भाग काळा असेल तर माणूस शिकतोय. अर्धा काळा म्हणजे कुणाच्या तरी नजरेखाली काम करतो. पाऊण म्हणजे एकट्याने करतो, माप आणि वेळ दोन्ही सांभाळून. पूर्ण काळं वर्तुळ म्हणजे हा दुसऱ्याला शिकवू शकतो. बाहेरचे ऑडिटर आले की आधी या तक्त्यापाशी थांबतात. मार्कर मात्र सुपरवायझरच्या खिशात असतो.

ग्राइंडिंगच्या लाइनवर एक ताई आहेत. नवा मुलगा आला की त्याला व्हील ड्रेस कसं करायचं, डायमंड किती खाली घ्यायचा, शेवटी स्पार्कआउटला मशीन किती वेळ सोडायचं, आवाज बदलला की हात कुठे न्यायचा, हे सगळं त्याच दाखवायच्या. तक्त्यावर त्यांचं वर्तुळ मात्र अर्ध्यावरच थांबलेलं. म्हणजे कागदोपत्री त्यांना स्वतःलाच कुणाच्या तरी नजरेखाली काम करावं लागत होतं. मी सुपरवायझरला विचारलं. माणूस वाईट नाही. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, “अहो दादा, पूर्ण काळं केलं की ग्रेडचा विषय निघतो ना. मग वरून मलाच विचारतात.”

हे उत्तर मला समितीच्या कलमापेक्षा जास्त शिकवून गेलं. वर्तुळ भरलं की ग्रेड मागता येते, ग्रेड मिळाली की पगार, आणि पगाराच्या बजेटला आधीच गाठ मारलेली. तेव्हा गाठ सुटू नये म्हणून वर्तुळ अर्धं ठेवायचं. प्रशिक्षणाच्या नोंदी हा एचआरचा मऊ विषय, युनियनने त्यात वेळ घालवू नये, असं आमच्यातले जुने पुढारी म्हणत. त्यांच्या लेखी खरा प्रश्न पगार आणि बोनस. पण इथे तर पगारच मार्करच्या टोकावर बसलेला होता. पुढे बरीच घासाघीस होऊन आम्ही एवढं मिळवलं की वर्तुळावर दोन सह्या लागतात, एक सुपरवायझरची आणि एक त्याच लाइनवरच्या पूर्ण काळ्या वर्तुळाच्या कामगाराची. वर्तुळ वाढवायचं नसेल तर कारण लिहून द्यावं लागतं. कारण लिहायचं म्हटलं की निम्मी कारणं विरून जातात.

जर्मनीत यातलं बरंचसं कायद्यातच लिहिलेलं आहे, हे वाचलं तेव्हा हेवा वाटला. तिथे कामगारांनी निवडून दिलेली कारखाना-परिषद असते, आणि तिचे अधिकार सांगणाऱ्या १९७२ च्या कायद्यात ९६ ते ९८ ही तीन कलमं खास प्रशिक्षणाची आहेत. ९८ व्या कलमाप्रमाणे कारखान्यातलं प्रशिक्षण कसं राबवायचं यात परिषदेला सहनिर्णयाचा हक्क आहे. शिकवायला नेमलेला माणूस त्या कामाला लायक नसेल तर परिषद त्याला हरकत घेऊ शकते. आणि कोणाला पाठवायचं, याबद्दल परिषद स्वतःची नावं पुढे करू शकते. नावांवर एकमत झालं नाही तर प्रकरण समेट मंडळाकडे जातं आणि त्या मंडळाचा निर्णय दोघांनाही मानावा लागतो. म्हणजे ज्या यादीसाठी आम्ही आरडाओरडा करतो, तिच्यासाठी तिथे कलम, पोटकलम आणि मंडळ आहे.

अर्थात तिथेही मर्यादा आहेतच. मुळात प्रशिक्षणावर खर्च करायचा की नाही, हे सहसा मालकच ठरवतो. २००१ मध्ये मात्र ९७ व्या कलमात एक महत्त्वाची भर पडली. मालक असा काही बदल करणार असेल की ज्यामुळे कामगारांचं सध्याचं कौशल्य अपुरं पडेल, तर प्रशिक्षण सुरू करण्यातही परिषदेचा सहनिर्णय लागतो. नवी मशीनं आणायची आणि मग जुन्या ऑपरेटरकडे बोट दाखवून ‘याला येत नाही’ म्हणायचं, ही वाट त्यामुळे बरीच अरुंद झाली.

त्याहून मला आवडलेली गोष्ट परीक्षेची. जर्मनीतल्या १९६९ च्या व्यवसाय-शिक्षण कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवाराची शेवटची परीक्षा घेणाऱ्या मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने बसतात आणि जोडीला निदान एक शिक्षक असतो. फिटर झाला की नाही, हे ठरवताना ज्याने स्वतः आयुष्यभर कानस चालवली तो माणूस टेबलाच्या पलीकडे असतो. आपण प्रशिक्षणावर देखरेख म्हटलं की हजेरी आणि खर्च बघतो. काय आलं म्हणजे काम आलं, हे ठरवण्यात वाटा मागावा हे सहसा कुणाच्या डोक्यातच येत नाही.

यादीनंतरचा दुसरा झगडा वेळेचा. प्रशिक्षणाला विरोध असलेला मॅनेजर मला अजून भेटायचाय. माणूस सोडायला तयार असलेला मॅनेजरही क्वचितच भेटतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टार्गेट असतं म्हणून नको, पहिल्या आठवड्यात मशीन मेंटेनन्सला असतं म्हणून नको, मधल्या दोन आठवड्यांत कुणीतरी रजेवर असतंच. मग तोडगा निघतो: साप्ताहिक सुट्टीला या. किंवा सेकंड शिफ्ट संपली की दोन तास थांबा. आठ तास मशीनवर उभा राहिलेला माणूस त्यानंतर स्लाइडवरचे बाण बघत काय शिकणार, ते त्यालाच ठाऊक. रिलीव्हर, म्हणजे तेवढा वेळ मशीन सांभाळणारा बदली माणूस, दिला नाही तर ट्रेनिंगचा आराखडा म्हणजे शुभेच्छापत्र, हे मी बैठकीत एकदा बोललो. ते मिनिट्समध्ये ‘रिलीव्हरच्या उपलब्धतेवर चर्चा झाली’ असं छापून आलं.

शिकण्यासाठी कामाच्या वेळातून पगारी रजा मिळाली पाहिजे, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ च्या १४० क्रमांकाच्या करारात मांडलं. त्यात नुसतं कामाचं प्रशिक्षण धरलेलं नाही, सामान्य शिक्षण, नागरी शिक्षण आणि युनियनच्या कामाचं शिक्षणही धरलंय. त्याच साली स्वीडनने शिक्षणरजेचा कायदा केला. कामगाराने शिकायला जायचं म्हटलं तर मालकाला ते काही काळ पुढे ढकलता येतं, साफ नाही म्हणता येत नाही. आणि अलीकडे, २०२२ मध्ये, मालक-कामगार संघटनांच्या मोठ्या करारानंतर तिथे अशी सोय झाली की कामाचा काही वर्षांचा अनुभव असलेल्या प्रौढ माणसाला पूर्णवेळ धरून ४४ आठवड्यांपर्यंत शिकता येतं आणि त्या काळात, ठरावीक मर्यादेत, पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत आधार मिळतो. ४४ आठवडे! आमच्याकडे अर्ध्या दिवसासाठी तीन सह्या लागतात.

वेळ मिळाला आणि यादीत नावही आलं, तरी काही माणसं वर्गापर्यंत पोहोचत नाहीत. आमच्या नोंदवहीत एक रकाना आहे, ‘शेरा’. त्यात एका काकांच्या नावापुढे दर वेळी एकच शब्द लिहिलेला असायचा: अनिच्छुक. टचस्क्रीनच्या नव्या मशीनचं ट्रेनिंग, अनिच्छुक. पुन्हा बोलावलं, अनिच्छुक. एचआरच्या मॅडम मनापासून वैतागल्या होत्या. “काका, तुम्हीच मागे राहाल हो,” असं त्यांनी समोर बसवून सांगितलं, तरी काका नुसते हसले. लॉकरपाशी मी सहज विषय काढला तेव्हा बूट बदलता बदलता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “शेवटी लेखी परीक्षा असते रे. आणि स्क्रीनवरची अक्षरं मला लागत नाहीत.” हे ते मॅडमना कधीच सांगणार नव्हते. ज्या माणसाच्या हातात आपली बढती आणि बदली आहे त्याच्यापुढे मला वाचता येत नाही असं कोण कबूल करेल? आम्ही तोंडी आणि हातची परीक्षा मागितली, अलार्मच्या सूचनांचा चित्रांसह एक तक्ता मशीनवर चिकटवून घेतला, आणि काका आता ते मशीन चालवतात. नोंदवहीतला शेरा तसाच आहे, तो खोडायची पद्धत नाही म्हणे.

ब्रिटनने नेमकं हेच ओळखून युनियनचे शिक्षण-प्रतिनिधी नेमले. १९९८ मध्ये त्यासाठी सरकारी निधी सुरू झाला आणि २००२ च्या कायद्याने या प्रतिनिधींना कामाच्या वेळेत पगारी मोकळीक मिळाली. सहकाऱ्याला काय शिकायची गरज आहे ते समजून घ्यायचं, सल्ला द्यायचा, मालकाशी बोलून सोय करायची, हे त्यांचं काम. लिहिण्या-वाचण्यात आणि आकडेमोडीत अडणारी माणसं तिथेही आधी सहकाऱ्यापाशीच बोलली. २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये तो निधी बंद झाला. प्रतिनिधींचा कायदेशीर हक्क राहिला, त्यामागचे पैसे गेले.

इथवर वाचून कुणाला वाटेल की यादी कामगारांच्या हाती दिली की प्रश्न मिटला. तसं अजिबात नाही. आमच्या बाजूचे लोक यादी करायला बसले की पहिला नियम काढतात सेवाज्येष्ठतेचा. नियम सरळ आहे, साहेबांच्या मर्जीपेक्षा शंभर पटीने बरा आहे. पण ज्या डिपार्टमेंटमध्ये बायकांना घेणंच उशिरा सुरू झालं, तिथे ज्येष्ठतेची यादी म्हणजे पुरुषांचीच यादी. आणि कंत्राटी मुलं तर कुठल्याच यादीत नाहीत. त्यांचं नाव घेतलं की दोन्ही बाजू विलक्षण एकमताने खाली बघतात.

याचं एक जुनं आणि फार बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. लुइझियाना राज्यात ग्रॅमर्सी इथे कायझर कंपनीचा ॲल्युमिनियमचा कारखाना होता. १९७४ पूर्वी तिथल्या २७३ कुशल कारागिरांपैकी फक्त ५ कृष्णवर्णीय होते. आसपासच्या कामकरी लोकांत त्यांचं प्रमाण सुमारे ३९ टक्के होतं. कंपनी म्हणायची, आम्ही अनुभवी कारागीर बाहेरून घेतो, त्यात कृष्णवर्णीय मिळतच नाहीत. मिळणार कसे? कारागिरांच्या युनियनांनीच पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दार बंद ठेवलं होतं. १९७४ मध्ये कंपनी आणि पोलाद कामगारांच्या युनियनने करार केला: बाहेरून माणसं आणण्याऐवजी कारखान्यातल्याच उत्पादन कामगारांना कारागीर बनवायचं, आणि हे प्रमाण सुधारेपर्यंत प्रशिक्षणाच्या निम्म्या जागा कृष्णवर्णीयांना द्यायच्या. निवड त्या-त्या गटातल्या ज्येष्ठतेने. ब्रायन वेबर या गोऱ्या कामगाराला जागा मिळाली नाही. निवडलेल्या काहींपेक्षा त्याची नोकरी जुनी होती. तो न्यायालयात गेला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी ही योजना कायदेशीर ठरवली.

वेबरचं म्हणणं मला पटत नाही, पण त्याचा राग समजतो. माझी नोकरी जुनी, मग माझा नंबर का नाही, हा प्रश्न मी आमच्या गेटवर दर यादीनंतर ऐकतो. त्या खटल्यात एक गोष्ट मात्र सहज नजरेतून सुटते. योजनेआधी उत्पादनातल्या कुठल्याच कामगाराला, गोऱ्यालाही, कारखान्यात शिकून कारागीर व्हायची फारशी वाट नव्हती. कारागीर बाहेरूनच यायचे. ज्या वर्गात जागा मिळाली नाही म्हणून वेबर भांडला, तो वर्गच त्या कराराने उघडला होता.

आता पैशाबद्दल. बजेटवर भांडण होत नाही असं मी म्हटलं, ते कारण बजेट व्यवस्थापनाचं असतं म्हणून. निधी दोघांचा झाला की चित्र पालटतं. १९८२ मध्ये, वाहन उद्योगात हजारोंनी कपात चालू असताना, फोर्ड आणि अमेरिकेतल्या वाहन कामगारांच्या युनियनने करारात एक तरतूद केली: कामाच्या दर तासामागे पाच सेंट प्रशिक्षणाच्या संयुक्त निधीत. नोकरी गेलेल्यांना दुसरं कौशल्य, नोकरीत असलेल्यांना पुढचं शिक्षण. पाच सेंट म्हणजे काहीच नाही, पण लाखो तासांनी गुणलं की त्यातून केंद्रं उभी राहतात. मग इतर कंपन्यांतही असे निधी आले. अशा निधीची चौकट अमेरिकेत १९४७ च्या कायद्याने आधीच घालून दिली होती. मालकाने युनियनच्या लोकांना पैसे देणं गुन्हा. त्याला मोजके अपवाद, आणि त्यातला एक म्हणजे दोन्ही बाजूंचे सारखे विश्वस्त असलेला निधी.

आणि तरीही डेट्रॉइटमध्ये जे व्हायचं ते झालं. फियाट क्रायसलर आणि युनियनच्या संयुक्त प्रशिक्षण केंद्राचा पैसा युनियनच्या काही पदाधिकाऱ्यांची चैन भागवायला वापरला गेला. कंपनीच्या औद्योगिक संबंध विभागाचे उपाध्यक्षही मागे राहिले नाहीत. त्यांनी त्याच पैशातून स्वतःसाठी फेरारी घेतली, आणि ते तुरुंगात गेले. २०२१ मध्ये कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. ३५ लाख डॉलरहून अधिक रकमेचे बेकायदा लाभ दिले गेले होते आणि दंड ३ कोटी डॉलरचा झाला. तपास लांबत गेला तसे युनियनचे दोन माजी अध्यक्षही आत गेले, जरी त्यांचं प्रकरण मुख्यतः युनियनच्या स्वतःच्या पैशाचं होतं.

हे वाचून बरेच जण म्हणतात, बघा, म्हणूनच युनियनला पैशाजवळ येऊ देऊ नये. मला त्यातून वेगळंच दिसतं. समितीत दोन बाजू सारख्या संख्येने बसवल्या त्या एकमेकांवर नजर ठेवायला. ज्या दिवशी त्या एकाच बाजूला जाऊन बसल्या, त्या दिवशी संख्या सारखी असूनही देखरेख संपली. फेरारीच्या बिलावर हरकत घ्यायची ज्याची जबाबदारी, त्याच्याच खर्चाची बिलं दुसऱ्याने पास केलेली. संयुक्त समितीत गोडीगुलाबी वाढायला लागली की माझ्या पोटात गोळा येतो तो यामुळेच. आमच्याकडे एक साहेब दर बैठकीत ‘आपण एक कुटुंब आहोत’ म्हणतात. मी दर वेळी शांतपणे मागच्या बैठकीतले अपूर्ण मुद्दे वाचायला घेतो. माणूस म्हणून त्यांच्याशी माझं छान जमतं. पण समितीत आम्ही दोन बाजूंनीच बसलो पाहिजे, नाहीतर हरकत घ्यायला कुणी उरत नाही.

ट्रेनिंग झाल्यावर पुढे काय, याची चौकशी कोणी करत नाही. वर्ग संपता संपता फीडबॅक फॉर्म येतो: हॉल कसा होता, शिकवणारे कसे होते, एक ते पाच गुण द्या. बसमध्ये जागा मिळावी म्हणून घाईत सगळे चार लिहितात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचं मोल तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्या: लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामात काय बदललं आणि शेवटी फळ काय मिळालं. हा फॉर्म म्हणजे त्यातली पहिली पायरी, आणि आम्ही बहुधा तिथेच बसकण मारतो. आता आमच्या आग्रहाने सहा महिन्यांनंतरचा एक रकाना आला आहे: जे शिकला ते काम दिलं का? या रकान्यात ‘नाही’ इतक्या वेळा आलं की व्यवस्थापनाच्याच एका सदस्याने विचारलं, मग आपण पाठवतो कशाला? तो दिवस माझ्या मते समितीचा सर्वांत उपयोगी दिवस होता.

पाठवल्यावर माणूस सोडून गेला तर, ही धास्ती खरी असते, तिला हसून चालत नाही. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात यावर साधी मांडणी केली. जे कौशल्य फक्त याच कारखान्यात उपयोगी आहे त्यावर मालक खर्च करेल, जे कुठेही चालेल त्याचा भार कामगारावर पडेल, कारण फायदा तोच घेऊन जाणार. आमच्या कंपनीने ही मांडणी वाचली नसेल, पण ती जगते मात्र तशीच. बाहेर चालेल असं सर्टिफिकेट मिळणार असेल तर आधी बॉण्डवर सही. एकट्या कंपनीपुरतं बघितलं तर यावर उपाय नाही. अनेक मालकांनी मिळून खर्च उचलला तर आहे. न्यूयॉर्कमध्ये रुग्णालय कामगारांच्या ‘११९९’ नावाच्या युनियनने १९६९ पासून हेच केलंय. अनेक रुग्णालयं करारानुसार पगाराच्या रकमेचा ठरावीक हिस्सा एका निधीत भरतात, आणि त्यातून वॉर्डातला मदतनीस नर्स होऊ शकतो, सफाईचं काम करणारा तंत्रज्ञ होऊ शकतो. तो या रुग्णालयातून त्या रुग्णालयात गेला तरी बुडालं कोणाचं काही नाही. मुख्य म्हणजे तिथे शिकून झाल्यावर वरची जागा खरोखर असते. हेल्परला सेटरचं, म्हणजे मशीन लावून द्यायचं काम शिकवायचं आणि सेटरची भरतीच बंद ठेवायची, तर त्याला करिअर विकास म्हणण्यापेक्षा करमणूक म्हणावं.

फ्रान्सने दुसरी वाट धरली. १९७१ च्या कायद्याने तिथे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कंपन्यांना वेतनखर्चाचा काही हिस्सा प्रशिक्षणावर घालणं सक्तीचं झालं. सुरुवात ०.८ टक्क्यांनी झाली. त्यातला बराचसा पैसा मालक-कामगारांच्या संयुक्त मंडळांमार्फत फिरला. मग हळूहळू हक्क माणसाच्या नावावर आला आणि २०१९ पासून प्रत्येकाच्या खात्यात तो युरोत दिसायला लागला, सर्वसाधारणपणे वर्षाला ५०० युरो. यादीच नाही, साहेब नाही, मोबाइल उघडा आणि कोर्स निवडा. मला हे फार आकर्षक वाटलं होतं. पण फोनवरून खोटे कोर्स गळ्यात मारणाऱ्यांचा असा सुळसुळाट झाला की २०२२ च्या अखेरीस असे फोन करण्यावरच बंदी घालणारा कायदा करावा लागला. ठगांचा बंदोबस्त होईलही. पण खात्यात पैसे असले तरी शिफ्टमधून सोडवणारा रिलीव्हर खात्यात जमा होत नाही, आणि शिकून आल्यावर वर्तुळ कोण भरणार हा प्रश्नही उरतोच.

सध्या आमच्याकडे वर्तुळंच जाणार आहेत. भिंतीवरचा तक्ता काढून स्क्रीन लागणार. सॉफ्टवेअर प्रत्येकाचं उत्पादन, रिजेक्शन (म्हणजे नापास झालेला माल), मशीन थांबल्याची मिनिटं बघून स्वतःच ठरवणार की कोणाला कोणतं ट्रेनिंग द्यावं आणि कोण पुढच्या जागेला तयार आहे. डेमो झाला. ग्राइंडिंगच्या ताई त्यात ‘सुधारणा आवश्यक’ गटात आल्या, कारण नवी मुलं त्यांच्याच मशीनवर शिकतात आणि शिकणाऱ्याचं रिजेक्शन मशीनच्या खाती, म्हणजे त्यांच्या नावावर पडतं. मी विचारलं, हे गुण काढले कसे ते दाखवा. पुरवठादाराच्या माणसाने सांगितलं, ते त्यांचं व्यावसायिक गुपित आहे. म्हणजे आता मार्कर ज्याच्या खिशात आहे तो माणूस कारखान्यातसुद्धा नाही.

जर्मनीत २०२१ च्या दुरुस्तीने कारखाना-परिषदेला अशा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेचा विचार करताना मालकाच्या खर्चाने तज्ज्ञ बोलावण्याचं दार बरंच मोकळं केलं. आमच्या हाती फक्त करारातलं ते ऐसपैस कलम आहे. ‘अंमलबजावणीवर देखरेख’ यात गुणांचं सूत्र बघणं येतं, असं आम्ही लेखी दिलंय. शिकणारा मशीनवर असतानाचं रिजेक्शन वेगळं धरावं, आणि सॉफ्टवेअरच्या प्रत्येक शिफारशीवर दोन सह्यांचा जुना नियम तसाच राहावा, या दोन मागण्या सोबत जोडल्यात. पहिली व्यवस्थापनाला मान्य आहे. दुसरीवर कायदेशीर सल्ला घेऊन कळवतो म्हणाले. पुढच्या बैठकीचं अध्यक्षपद आमच्या पाळीचं आहे, तेव्हा तो मुद्दा अजेंड्यावर पहिलाच ठेवला आहे.